आपल्या लुआहमागचा मोठा आकडा : ६,८९,४७२



रोश होदेशच्या आधीच्या शब्बाथला सिनागॉगमध्ये नव्या महिन्याचा आशीर्वाद होतो. त्या वेळी बऱ्याच ठिकाणी मोलाद सांगतात. अमुक वारी, इतके तास, इतकी मिनिटे आणि इतके हलाकीम. आपण माना डोलावतो आणि पुढची तेफिला सुरू होते. हे हलाकीम म्हणजे काय, असे मला आपल्या मंडळींनी बऱ्याचदा विचारले आहे. मी काही रब्बाय नाही आणि गणिताची प्रोफेसरही नाही. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला, पुढे इथे इस्राएलात नोकरी करून रिटायर झाले. पण नर्सचे सगळे आयुष्य मोजण्यात जाते. नाडी मोजा, श्वास मोजा, सलाइनचे थेंब मोजा. त्यामुळे आकड्यांची भीती कधी वाटली नाही.

आज ज्या आकड्याबद्दल लिहिते आहे तो सहा लाख एकोणनव्वद हजार चारशे बहात्तर, म्हणजे ६,८९,४७२. आपले कॅलेंडर, म्हणजे लुआह, इतक्या वर्षांनी पहिल्यापासून जसेच्या तसे पुन्हा सुरू होते. त्याआधी नाही. हा आकडा कुठून आला ते बघताना आपल्या घरातल्या एका साध्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. आईवडिलांच्या वर्षीची तारीख दर वर्षी नव्याने का बघावी लागते, हा तो प्रश्न.

हेलेक म्हणजे एक श्वास

आपल्या शास्त्रात तासाचे ६० भाग करत नाहीत, १०८० करतात. त्यातला एक भाग म्हणजे हेलेक. अनेक असले की हलाकीम. एका मिनिटात १८ हलाकीम बसतात आणि एक हेलेक साडेतीन सेकंदांपेक्षा किंचित कमी, नेमके सांगायचे तर ३ पूर्णांक १/३ सेकंद.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला शिकवले होते की स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. श्वास मोजताना पेशंटला कळू द्यायचे नाही, नाहीतर तो मुद्दाम वेगळा श्वास घेतो. म्हणून बोटे नाडीवरच ठेवायची आणि नजर छातीवर. १८ श्वास आणि ७२ ठोके म्हणजे तब्येत ठीक. म्हणजे एक हेलेक हा साधारण एक श्वास किंवा नाडीचे चार ठोके. शास्त्रकारांनी तो श्वासावरून ठरवला असे मी म्हणत नाही, पण लक्षात ठेवायला हे माप फार सोपे आहे.

मग १०८०च का? रांबामने, म्हणजे मायमोनिदीजने, कारण दिले आहे. या आकड्याचे अर्धे, पाव, तिसरा, पाचवा, सहावा, आठवा, नववा, दहावा हिस्सा असे पुष्कळ पूर्ण भाग होतात. अपूर्णांक करावा लागत नाही. १ ते १० पैकी फक्त सातानेच १०८०ला भाग जात नाही. ही सातची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

महिना किती श्वासांचा

एका नव्या चंद्रापासून दुसऱ्या नव्या चंद्रापर्यंतचा सरासरी काळ आपल्या हिशोबात २९ दिवस, १२ तास आणि ७९३ हलाकीम असा धरतात. दिवसात २४ गुणिले १०८० म्हणजे २५,९२० हलाकीम. त्यावरून सगळा महिना मोजला तर येतात ७,६५,४३३ हलाकीम. आकडा पाठ करायलाही सोपा आहे. सात, सहा, पाच, चार, तीन आणि शेवटी पुन्हा तीन.

७९३ हलाकीम म्हणजे ४४ मिनिटे आणि वर एक हेलेक. आजचे शास्त्रज्ञ चंद्राचा सरासरी महिना २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटे आणि जवळजवळ ३ सेकंद सांगतात. आपल्याकडे शेवटी ३ पूर्णांक १/३ सेकंद आहेत. दुर्बीण नव्हती, कॉम्प्युटर नव्हता, तरी महिन्याला फरक पडतो अर्ध्या सेकंदाच्या आसपास. हे माप बाबिलोनच्या जुन्या ज्योतिषांनाही ठाऊक होते.

म्हणूनच पुढचा मोलाद घरबसल्या काढता येतो. २९ दिवसांतले चार आठवडे, म्हणजे २८ दिवस, सोडून द्या. उरतो एक दिवस, १२ तास, ७९३ हलाकीम. तेवढे मागच्या मोलादमध्ये मिळवायचे. समजा या महिन्याचा मोलाद रविवारी, ३ तास १०० हलाकीम असा होता. तर पुढचा येईल सोमवारी, १५ तास ८९३ हलाकीम. या हिशोबात दिवस आदल्या संध्याकाळी सहाला सुरू होतो, एवढे ध्यानात ठेवा. रांबामने लिहिले आहे की हा हिशोब शाळेतली मुलेसुद्धा तीन-चार दिवसांत शिकतात. मग आपण का नाही शिकणार?

१९ वर्षांचे चक्र

आता वर्षाकडे येऊ. चंद्राचे बारा महिने म्हणजे साधारण ३५४ दिवस. सूर्याचे वर्ष त्याहून सुमारे ११ दिवसांनी मोठे. नुसते चंद्राप्रमाणे चाललो तर पेसाह दर वर्षी ११ दिवस मागे सरकेल आणि काही वर्षांत ऐन थंडीत येईल. पण तोरात तर पेसाह वसंताच्या महिन्यात सांगितला आहे. म्हणून काही वर्षांत तेरावा महिना घालतात, तोच आपला दुसरा अदार.

ही कल्पना आपल्या लोकांना कोकणातही परकी नव्हती. शेजारच्या हिंदू घरात पंचांग असायचे आणि त्यात अधिक महिना यायचा. तोही चंद्र-सूर्याचा मेळ घालण्यासाठीच. फरक एवढाच की त्यांचा अधिक महिना कधी श्रावणात तर कधी आषाढात, असा वेगवेगळ्या महिन्यांत येतो. आपला मात्र ठरलेला, नेहमी अदारच. आपल्या वाडवडिलांनी सणांना मराठी नावे दिली होती. नव्याचा सण, दारफाळणीचा सण, होळीचा सण. आपल्या पिढीने ती आजीच्या तोंडून ऐकली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आपल्याला शनिवार तेली म्हणत. आठवड्याचा सातवा दिवस आणि आकाशातला चंद्र, या दोन गोष्टींवरच आपले सगळे कॅलेंडर उभे आहे.

तेरावा महिना घालायची रीत १९ वर्षांची आहे. त्यातली ३, ६, ८, ११, १४, १७ आणि १९ ही सात वर्षे तेरा महिन्यांची, बाकीची बारा वर्षे बारा महिन्यांची. सगळे महिने मिळून २३५ होतात. सध्या जगाच्या आरंभापासूनचे ३०५वे चक्र चालू आहे. ते ५७७७ साली सुरू झाले आणि ५७९५ साली संपेल.

याचा पुरावा आपल्या वाढदिवसात आहे. वयाला १९, ३८, ५७, ७६ आणि ९५ वर्षे पूर्ण होतात तेव्हा हिब्रू तारीख आणि इंग्रजी तारीख पुन्हा एकमेकींजवळ येतात. कधी त्याच दिवशी, कधी एखाद-दुसऱ्या दिवसाच्या फरकाने. आपल्यातल्या ज्यांनी शहात्तरी गाठली त्यांनी लुआह काढून पाहावे.

पण फरक पडतोच का? नेमके १९ वर्षांनी सगळे पुन्हा पहिल्यासारखे का होत नाही? इथेच आपला मोठा आकडा जन्माला येतो.

गोळ्यांची डबी

आपल्यापैकी बहुतेकांकडे सात खणांची गोळ्यांची डबी आहे. रविवार ते शनिवार, एकेका दिवसाला एक खण. समजा डॉक्टरांनी एक गोळी दर तीन दिवसांनी घ्यायला सांगितली आणि सुरुवात रविवारी केली. पुढची येईल बुधवारी, मग शनिवारी, मंगळवारी, शुक्रवारी, सोमवारी, गुरुवारी आणि मग पुन्हा रविवारी. सातही खण एकेकदा भरले गेले आणि त्याला २१ दिवस लागले.

आता अशी कल्पना करा की डबीला सहाच खण आहेत आणि गोळी दर चार दिवसांनी घ्यायची आहे. पहिल्या खणातून पाचव्यात, पाचव्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून पुन्हा पहिल्यात. दुसरा, चौथा, सहावा खण रिकामाच राहिला. असे का? कारण सहा आणि चार दोघांनाही दोनाने भाग जातो, म्हणून अर्धेच खण वापरले गेले. सात आणि तीन यांना असा सामाईक भाग नाही, म्हणून तिथे सगळे खण भरले. एवढे कळले की पुढचे सगळे कळले.

आठवडा ही आपली मोठी डबी. तिचे खण दिवसांचे न करता हलाकीमचे करा. ७ गुणिले २४ गुणिले १०८० म्हणजे १,८१,४४० खण. १९ वर्षांचे एक चक्र म्हणजे २३५ महिने. २३५ला ७,६५,४३३ने गुणले की १७,९८,७६,७५५ हलाकीम होतात. त्यातून पूर्ण आठवडे काढून टाकले की उरतात ६९,७१५ हलाकीम, म्हणजे २ दिवस, १६ तास, ५९५ हलाकीम. याचा अर्थ असा की दर १९ वर्षांनी तिश्रीचा मोलाद आठवड्यात तेवढा पुढे सरकतो. या चक्राच्या आरंभी तो रविवारी असेल, तर पुढच्या चक्राच्या आरंभी मंगळवारी नाहीतर बुधवारी.

तो फिरत फिरत पहिल्या खणात परत कधी येईल? १,८१,४४० आणि ६९,७१५ यांच्याकडे बघा. एकाच्या शेवटी शून्य, दुसऱ्याच्या शेवटी पाच. दोघांनाही पाचाने भाग जातो. दुसरा कोणताही सामाईक भाग नाही. म्हणून सगळे खण भरत नाहीत, दर पाचातला एकच भरतो. १,८१,४४०ला पाचाने भागले की ३६,२८८. इतकी चक्रे झाली की मोलाद त्याच वारी, त्याच तासाला, त्याच हेलेकला परत येतो. आणि ३६,२८८ गुणिले १९ म्हणजे ६,८९,४७२ वर्षे.

बस, एवढेच. यात कोणतेही गूढ नाही. महिना मोजला, आठवडा मोजला आणि दोघे पुन्हा एकत्र कधी येतात ते पाहिले.

आकड्याच्या गमती

आता थोडी मौज सांगते. १ ते ९ हे सगळे आकडे एकमेकांशी गुणा. १ गुणिले २ गुणिले ३ असे ९ पर्यंत. उत्तर येते ३,६२,८८०. नऊ माणसांना एका बाकावर किती वेगवेगळ्या रीतींनी बसवता येईल, त्याचा हा आकडा आहे. याचे अर्धे केले तर १,८१,४४०, म्हणजे नेमके आठवड्याचे हलाकीम! आणि दहावा हिस्सा केला तर ३६,२८८, म्हणजे नेमकी आपली चक्रे! नऊ माणसे किती का प्रकारे बसेनात, मिन्यान होत नाही, दहावा लागतोच. इथेही दहाने भागल्याशिवाय चक्र पुरे होत नाही. हे कोणी मुद्दाम जुळवलेले नाही, आकडे आपोआप तसे जुळले आहेत. मघाशी म्हटले होते की १०८०ला १ ते १० पैकी फक्त सातानेच भाग जात नाही. आठवड्याने तो सात आणून दिला. म्हणून १,८१,४४०ला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो.

६,८९,४७२ची गंमत उलटी. त्याला १ ते ९ पैकी फक्त पाचाने भाग जात नाही. तोच पाच, जो आपण वर काढून टाकला.

एवढ्या वर्षांत ८५,२७,६८० महिने होतात. दिवस होतात २५,१८,२७,४५७. त्यांना सातने भागा, बाकी शून्य. आठवडे येतात ३,५९,७५,३५१. एकही दिवस शिल्लक राहत नाही, एकाही शब्बाथचा खंड पडत नाही.

नव्याचा सण कोणत्या वारी

चक्र पूर्ण असल्यामुळे आणखी एक फायदा होतो. अंदाज न करता नेमकी मोजणी करता येते. रोश हाशाना रविवारी, बुधवारी आणि शुक्रवारी कधीच येत नाही. बुधवारी आला तर योम किप्पूर शुक्रवारी पडेल आणि शुक्रवारी आला तर रविवारी. म्हणजे कडक उपासाचा दिवस आणि शब्बाथ लागोपाठ, ना स्वयंपाक करता येणार, ना मयताची व्यवस्था होणार. रविवारी आला तर होशाना रब्बा शब्बाथला पडेल आणि त्या दिवशीच्या फांद्यांचा विधी करता येणार नाही. म्हणून अशा वेळी सण एक दिवस पुढे ढकलतात. आणखीही एक-दोन नियम आहेत, त्यांनी वर्षाची लांबी हाताबाहेर जात नाही.

उरलेल्या चार वारांची पूर्ण ६,८९,४७२ वर्षांतली वाटणी अशी :

सोमवार : १,९३,२८० वेळा
मंगळवार : ७९,३६९ वेळा
गुरुवार : २,१९,८३१ वेळा
शनिवार : १,९६,९९२ वेळा

कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करा, नेमकी ६,८९,४७२ येते. गुरुवार सगळ्यात पुढे, शंभरातली सुमारे ३२ वर्षे. मंगळवार सगळ्यात मागे, शंभरात साडेअकराच्या आसपास. शनिवारचा आकडा तर बरोबर सातातले दोन हिस्से आहे, एकसुद्धा कमी-जास्त नाही. कारण शुक्रवारचा सगळा वाटा शनिवारला मिळतो आणि बाकीचे नियम शनिवारला हात लावत नाहीत.

त्या वर्षीचा पेसाह कोणत्या वारी होता, हेही यावरून सांगता येते. पेसाहच्या पहिल्या दिवसाच्या वारात दोन मिळवले की पुढच्या रोश हाशानाचा वार येतो. पेसाह मंगळवारी तर नवे वर्ष गुरुवारी. नातवंडांसमोर हे बोटावर मोजून दाखवा, त्यांना मजा वाटेल.

जवळजवळ जुळले, पण जुळले नाही

आता कोणी म्हणेल, एवढी लाखो वर्षे कशाला, आधीच कुठेतरी जुळत असेल. जुन्या काळच्या विद्वानांनीही तसे शोधले होते. नवव्या शतकात बाबिलोनमधल्या सूरा येथे रब्बी नहशोन गाओन होते. २४७ वर्षांचे चक्र त्यांच्या नावाने ओळखले जाते. २४७ म्हणजे १९ वर्षांची १३ चक्रे. तेवढ्या काळात १२,८८८ पूर्ण आठवडे होतात, फक्त ९०५ हलाकीम कमी. म्हणजे २४७ वर्षांत फरक पडतो जेमतेम ५० मिनिटांचा. म्हणून २४७ वर्षांपूर्वीचे लुआह आजच्या वर्षाला बहुतेक वेळा लागू पडते.

पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे. मोलाद दुपारी बाराच्या आधी असला तर सण एका दिवशी, नंतर असला तर दुसऱ्या दिवशी, असा नियम आहे. पन्नास मिनिटांचा फरक नेमका तिथे आडवा आला की पूर्ण वर्षाची मांडणी बदलते. औषधाचे बघा ना. मात्रा जवळजवळ बरोबर असून चालत नाही, बाटलीवरचा आकडा प्रत्येक वेळी वाचावाच लागतो.

सूर्य मात्र थांबत नाही

मग ६,८९,४७२ वर्षांनी सगळे खरोखर पहिल्यासारखे होईल का? वार जुळेल, तारीख जुळेल, मोलादचा हेलेकसुद्धा जुळेल. पण ऋतू जुळणार नाही.

१९ वर्षांचा मेळ सूर्याशी अगदी नेमका नाही. आपले सरासरी वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा साडेसहा मिनिटांहून थोडे जास्त लांब आहे. साडेसहा मिनिटे म्हणजे एक कप चहा संपायला लागतात तेवढी. पण साचत साचत सुमारे २१६ वर्षांनी पूर्ण दिवस होतो. परंपरेप्रमाणे चौथ्या शतकात हिल्लेल दुसरा यांनी हे कॅलेंडर ठरवून दिले. तेव्हापासून पेसाह सरासरीने सात-आठ दिवस उशिराकडे सरकला आहे. आपल्या हयातीत हे कळत नाही. पण हाच वेग राहिला, तर ६,८९,४७२ वर्षांत पावणेनऊ वर्षांएवढा फरक साचेल. म्हणजे निसान महिना उन्हाळा, पावसाळा, थंडी असे सगळे ऋतू आठ वेळा फिरून येईल. वसंतातला सण भलत्याच ऋतूत जाऊ नये म्हणून कधीतरी अधिकारी मंडळींना यात लक्ष घालावे लागेल. ते काम आपल्यानंतरच्या पिढ्यांचे.

म्हणजे हा एवढा मोठा आकडा चंद्र आणि आठवडा यांचा हिशोब चोख ठेवतो, सूर्याचा मात्र ठेवत नाही.

आपल्या घरासाठी

आता कामाचे सांगते. हॉस्पिटलात मृत्यूची नोंद इंग्रजी तारखेने होते आणि ती तारीख मध्यरात्री बारा वाजता बदलते. आपली तारीख सूर्यास्ताला बदलते. संध्याकाळी आठ वाजता कोणी गेले, तर हॉस्पिटलच्या कागदावर एक तारीख आणि आपल्या हिशोबाने पुढचा दिवस. वॉर्डात असताना मी नातेवाइकांना नेहमी सांगायचे की तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. अझकारा, म्हणजे वर्षी, कोणत्या दिवशी करायची आणि कद्दिश कधी म्हणायचा, हे त्या एका वेळेवरून ठरते.

म्हणून एका वहीत चार गोष्टी लिहून ठेवा. इंग्रजी तारीख, वेळ, गाव, आणि सूर्य मावळला होता की नव्हता. मृत्यू भारतात झाला असेल तर तिथलीच वेळ लिहा. तिथले घड्याळ इथल्यापेक्षा उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तास पुढे असते. ज्या संध्याकाळी मुंबईत सूर्य मावळून अंधार पडलेला असतो, त्याच वेळी इथे अजून ऊन असते.

तीन ठिकाणी विशेष काळजी घ्या. अदार महिन्यात कोणी गेले असेल, तर दोन अदार असलेल्या वर्षी कोणता धरायचा हा प्रश्न येतो. आणि हेश्वान किंवा किस्लेवच्या ३० तारखेला गेले असेल, तर काही वर्षी ती तारीखच नसते, कारण हे दोन महिने कधी २९ दिवसांचे तर कधी ३० दिवसांचे असतात. याबाबत रिवाज वेगवेगळे आहेत, म्हणून आपल्या हजानला किंवा रब्बायना विचारून घ्या आणि उत्तर त्याच वहीत लिहा. सूर्यास्त आणि पूर्ण अंधार यांच्या मधल्या वेळेत मृत्यू झाला असेल तेव्हाही त्यांनाच विचारावे.

आणि कपाटातली जुनी लुआह आठवण म्हणून जरूर ठेवा, पण तारीख बघायला दर वर्षी नवे घ्या. १९ वर्षांपूर्वीचे जवळचे आहे, २४७ वर्षांपूर्वीचे त्याहून जवळचे आहे, पण तंतोतंत तेच लुआह परत यायला ६,८९,४७२ वर्षे लागतात. त्यातला अजून एक टक्काही काळ झालेला नाही.

पुढच्या वेळी मोलाद सांगतील तेव्हा आकडा कागदावर लिहून घ्या. त्यात एक दिवस, १२ तास, ४४ मिनिटे आणि एक हेलेक मिळवा. पुढच्या महिन्यात ताडून बघा.